एकशे एकावं पद

काचेच्या कपाटात मुकुंदराव दिसले, गायब झाले, परत दिसले.

"अहो, ह्यांचं काय चाललंय हे?" वैजयंताबाई काउंटरवरच्या घोडक्यांवर ओरडल्या.

"ताई, माणूस आम्ही अनंत पदांची बेरीज करून पाठवतो. रत्नागिरीहून येताना चिन्हं बिघडली. अधिक एक, वजा एक, अधिक एक... संपतच नाही. एकदा एक, एकदा शून्य; पुस्तकाप्रमाणे उत्तर मधलं, म्हणजे अर्धा नवरा."

"अर्धा घेऊन काय करू? थांबवा ते!"

"थांबवतो. नियमाने शंभराव्या पदाला."

वैजयंताबाईंनी बोटांवर मोजलं. पहिल्याला होते, दुसऱ्याला नव्हते, तिसऱ्याला होते.

"शंभराव्याला हे नसतील हो! एकशे एक टाका. आपल्यात शंभराचा आहेर करतं का कुणी?"

"खरंय," म्हणत घोडक्यांनी एकशे एक टाकलं आणि मंजुरीसाठी आत साहेबांकडे पाठवलं. मंजुरी लगेच आली.

नव्व्याण्णवाला मुकुंदराव होते. शंभराला नव्हते. एकशे एकाला त्यांनी काचेवर हात टेकला आणि हसले. बाईही रडता रडता हसल्या.

मग कपाट रिकामं झालं आणि यंत्र थांबलं.

साळगावकर साहेब खुशीत बाहेर आले. "घोडके, तुमच्या आकड्यावर शकुनाचा एक मी वाढवला हं. हाताची सवय!"

काचेवर आतून उमटलेला पंजा हळूहळू पुसट होत होता.