दोन कार्ब्युरेटर, तीन आवाज

गाडी पुन्हा बंद पडली. ॲक्सिलरेटर दाबलेला असेपर्यंत शहाण्यासारखी चालायची. सोडला की दोन आचके, आणि गप्प. घड्याळजींनी बॉनेटखाली डोकं घातलं.

इंजिनाला पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्ब्युरेटर दोन. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी उभ्या जागी संथ चालते. एकाने जास्त ओढली की भांडण. ते मिटवायची घड्याळजींची रीत जुनी. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं आधी याच्या तोंडाशी, मग त्याच्या. दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू पिळायचा. या आठवड्यात मात्र पिळून पिळून बोटं सोलवटली, तरी गाडी काही ऐकेना. नळीतून आवाजच येत नव्हता. नळी चांगली होती. कान गेले होते, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज संध्याकाळी भाचा येणार होता. "तोवर जमलं नाही तर गाडी तूच घेऊन जा बाबा," असं ते त्याला बोलून बसले होते.

धुणं वाळत घालून बायको समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "काय म्हणतेय सवत?"

"रुसलीये."

"रुसलीये, की तिचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही?"

घड्याळजींचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? परवा दूधवाला दार बडवत होता आणि तुम्ही दाराशी बसून पेपर वाचत होतात. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही लपवताय म्हणून आम्ही सगळे लपवतोय."

घड्याळजींनी नळी पुसली आणि तिच्या हातात दिली. गाडी सुरू केली, बंद पडू नये म्हणून बोटाने ॲक्सिलरेटरची दांडी दाबून धरली.

बायकोने नळी कानाला लावली आणि ओरडून सांगू लागली, "इकडे फुसफुस. तिकडेही फुसफुस, जरा मोठी. आणि ही खालची शिट्टी कसली?"

"खालची कुठली? दोनच आवाज असतात."

"तीन आहेत. इथे बघा, या जोडाशी. कुकरचं रबर कडक झालं की असाच सूर लागतो."

घड्याळजींनी जोडावर तेलाचे थेंब सोडले. "थांबली!" बायको ओरडली.

जोडात हवा अडवायला बसवलेलं गॅस्केट चिरलं होतं. तिथून हवा चोरून आत शिरत होती, आणि आठवडाभर मार खात होते ते निरपराध स्क्रू. घड्याळजींना हसू फुटलं. दुपारी त्यांनी नवं गॅस्केट कापून बसवलं. मग ती ऐकत राहिली, ते पिळत राहिले.

"तिकडचा अजून मोठा आहे."

"आता?"

"अजून थोडा. हां, पुरे! आता दोन्ही सारखे."

त्यांनी दांडीवरचं बोट काढलं. गाडी बंद पडली नाही. मडगार्डवर तळवा ठेवला; खाली एकसारखी थरथर होती.

"भाच्याला फोन करते," बायको म्हणाली. "जेवायला ये म्हणावं. रिकाम्या हाताने परत जायचंय, तेही सांगते."

"देवाने माझे कान नेले, तुझे ठेवले," घड्याळजी म्हणाले. "उपकारच म्हणायचे." मग त्यांनी विचारलं, "कसा येतोय गं आवाज?"

तिने नळी काढली, जरा विचार केला. "दुपारी जेवून पडता ना तुम्ही, तसा."

"घोरल्यासारखा?"

"छे. घोरायच्या आधीचा." तिचा आवाज आपोआप खाली आला. " तो आला की मला घरात कसं भरल्याभरल्यासारखं वाटतं."

इंजिन चालूच होतं, कानही होते तसेच होते. पण हे मात्र घड्याळजींना शब्द न् शब्द ऐकू आलं.

"काय म्हणालीस?" ते तिच्याजवळ सरकले. "परत सांग."