आधीचा भाग

अंतराळयानाची कप्तान आयरिस हिच्यावरचे तीन चित्रपट जगभर गाजले होते. आता चौथ्यात ती नऊ वर्षांची होणार होती. लंडनबाहेरच्या त्या स्टुडिओत, कुठल्या प्रसंगानंतर कुठला याची वही सांभाळणाऱ्या मेव्हिसबाईंना हे मुळीच पटत नव्हतं.

"तीन भागांत बाईचे केस पिकवलेस, आणि आता तिचं बालपण? आधी कळस, मग पाया? आणि तेव्हा तसे कॉम्प्युटर नव्हते म्हणून पहिला भाग मागे ठेवला, वगैरे पेपरवाल्यांना सांग, मला नको."

दिग्दर्शक डंकननं खिशातून दोरा ओवलेली, पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं लंडनच्या मुलांना खेड्यात धाडताना कोटाला अडकवायचे, तसली. तिच्यावर त्याच्या आईचं नाव होतं. वय नऊ.

"आई मला बोर्डिंगला सोडायची आणि एकदाही मागे वळून न बघता निघून जायची. तिच्यावरूनच आयरिस लिहिली मी, दगडाच्या काळजाची. आई गेल्यावर मावशीनं ही चिठ्ठी दिली. म्हणाली, गाडी सुटताना तुझ्या आईनं वळून आजीला हात केला होता. त्याच आठवड्यात घरावर बॉम्ब पडला, त्यात आजी गेली." त्यानं चिठ्ठी त्यांच्या वहीवर ठेवली. "मेव्हिसबाई, मला आईची गोष्ट मधूनच ठाऊक होती हो."

मेव्हिसबाईंनी शूटिंगच्या पाटीवर खडूनं लिहिलं, 'भाग पहिला'.

सेटवरच्या यानाच्या पायरीवर छोटी आयरिस झालेली मुलगी थबकली. "पण कप्तान तर कधीच मागे बघत नाही ना?"

"आज बघ, बाळा," डंकन म्हणाला. "डोळे भरून बघ."