कॅसेटमधला आवाज

खारकीवला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या नागसेन साळवेशी लग्न करून हलिना संगमनेरला आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. टोरांटोतले युक्रेनी लोक आपल्या भाषेत एक रेडिओ चालवतात, असं कळल्यावर तिने त्यांना पत्र टाकलं. त्यांनी मायदेशातल्या खेड्यापाड्यांत जाऊन गोळा केलेल्या गाण्यांची कॅसेट पाठवली. सासूला ऐकवायला तिने ती कौतुकाने टेपवर लावली. शब्द कळत नसतानाही गयाबाई मेथी निवडत ऐकत होत्या. सुगीचं एक गाणं संपलं आणि गाणारी म्हातारी बोलू लागली. "माझी हलिना एका डॉक्टरशी लग्न करून भारतात गेली. चेर्नोबिलनंतर आम्हाला घाईघाईने गाव सोडायला लावलं, तिचा पत्ता घरातच राहिला. कुणाला ती भेटली तर सांगा, तिची आई जिवंत आहे." हलिना भिंतीला टेकून खाली बसली. सगळी पत्रं परत आली, तेव्हाच, सात वर्षांपूर्वी, आई गेली असं तिने धरलं होतं. "काय झालं गं?" गयाबाईंनी विचारलं. "आई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. "अगं, मी हितंच हाय की!" "तुम्ही नाही. माझी आई. आत्ता बोलली ती माझी आई आहे. ती जिवंत आहे!" गयाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत टेपजवळ सरकल्या. "मागं घे ती कॅसेट. विहीणबाई बोलत्यात, मलाबी ऐकू दे."