भुऱ्याचा धुरा

"चाल ना बे, भाड्या!" राजकुमारनं साखळीला हिसडा दिला.

भुऱ्यानं चारी पाय रोवले. धरणाचं पाणी समोरच होतं, पण धुईत दिसत नव्हतं. पाणी उतरलेल्या काठावर पांढरी खार धरली होती, तिच्यावर दव. टीव्हीत काश्मीर दाखवतात तसा सगळा काठ पांढराफेक. कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय सकाळ, काय हौशी माणूस, कुत्रं फिरवतोय! फिरवतोय कसला डोंबल. सख्ख्या भावाचा गळा कापायची तयारी चालली होती ती.

कुत्रं बापूंचं, म्हणजे त्याच्या बापाचं. वावर धरणाला लागून. पावसाळ्यात खालचा तुकडा पाण्यात जायचा आणि हिवाळ्यात गाळ पांघरून वर यायचा. धुऱ्याचे, म्हणजे दोन वाट्यांमधल्या बांधाचे, दगड गाळात गडप. बापू दर साली ते उकरून पुन्हा रोवायचे आणि रोज सकाळी भुऱ्याला घेऊन धुऱ्यावरून पाण्यापर्यंत जायचे. धुऱ्याच्या अलीकडचं थोरल्या राजकुमारचं, पलीकडचं धाकट्या हर्षलचं. राजकुमार खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. वावराचं तोंड त्यानं कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. बापू अंथरुणाला खिळले तेव्हापासून दगड हर्षलच रोवत होता.

यंदा बापू गेले, जिनिंगही बंद पडली. राजकुमार बायको-लेकरं घेऊन गावी आला आणि वावर पाहून मटकन खाली बसला. त्याच्या वाट्याचा काठ नुसता मुरमाचा. पाणी हर्षलच्या बाजूला, डोहात. धुरा नांगराची चार तासं हर्षलकडे सरकला असता तर त्याची मोटर डोहाला लागली असती. नाही लागली तर गहू नाही, हरभरा नाही, पुन्हा बिऱ्हाड उचला. पण मागून हर्षल देणार होता होय? म्हणून त्यानं सरळ कांगावा केला. "तू दगड सरकवले! बापू बेसुध पडले अन् तू धुरा खाल्ला!" तोंडाला येईल ते बोलला. खरं म्हणजे त्याचा स्वतःचाच या बोलण्यावर विश्वास नव्हता.

हर्षल कुऱ्हाड घेऊन धावला. दोन्ही चुली बोलेनाशा झाल्या. आई, मनकर्णाबाई, दोघांच्या मध्ये उभी राहिली. "कोर्टात गेले तं माह्या मढ्याले हात लावू नका!"

शेवटी शेजारच्या वावरातल्या रहेमतुल्ला चाचांनी तोड काढली. बापूंचे जुने दोस्त, दोघंही त्यांचं ऐकायचे. "माणूस झूठ बोलते, जनावर नाही बोलत. भुऱ्या इतके साल बापूसंग चालला. त्याले मोकळा सोडा. जथून जाईन तो धुरा."

हर्षल उसळला. "चाचा, कुत्र्याच्या अकलेनं वावर वाटता काय?"

घाबरला लेकाचा, असं राजकुमारला वाटलं. काऊन घाबरला, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. तो मनातल्या मनात नाचत होता. संक्रांत झाली की सोडू कुत्रं, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवसापासून हे धुईतलं फिरणं सुरू झालं. दगडांपासून चार तासं हर्षलच्या बाजूला त्यानं मनाशी रेघ धरली. खिशात तेल लावलेल्या भाकरीचे तुकडे. रेघेवर चाललं की तुकडा, रेघ सोडली की काठी. कुत्रं सुरुवातीला लई छळायचं. रेघ सोडून पार लांब, हर्षलच्या हरभऱ्यात घुसायला पाहायचं. तितराच्या मागं लागलं असेल म्हणून राजकुमार चिडायचा आणि काठी घालायचा. कुत्रं कळवळायचं. पण पोटापुढं कुणाचं चाललंय? हळूहळू ते निमूट रेघेवर चालायला लागलं.

संक्रांत झाली. चाचा आले, चार जाणती माणसं आली. मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून धुऱ्याच्या टोकाला बसली. भुऱ्याला मोकळं सोडलं. कुत्रं थोडं चाललं, थांबलं, हरभऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं. राजकुमार हळूच खाकरला. कुत्र्यानं मान वळवली आणि शिकवलेल्या रेघेनं ते सरळ पाण्यापर्यंत गेलं.

"बोल हर्षल," चाचा म्हणाले.

आता हा आकाशपाताळ एक करणार, म्हणून राजकुमारनं मुठी आवळल्या.

"हाव, मले कबूल हाये," हर्षल म्हणाला.

चाचांनी फक्कीची रेघ ओढली. तिच्यावर नवे दगड रोवले. भांडण मिटलं म्हणून आई रडली. माणसं गावाकडे वळली. राजकुमारला वाटलं, डोंगर उचलला आपण. त्यानं खिशातली उरलेली सगळी भाकर भुऱ्यापुढं टाकली. भावाला डिवचल्याशिवाय त्याला राहवेना.

"काऊन रे, जीभ गियली काय?"

हर्षल हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसला.

"डुकरं राखाले रोज मचाणावर राहतो मी. तुहं रोज सकाळचं मले मालूम व्हतं. धुईत काडी दिसत नाही, पण तुह्या शिव्या साऱ्या ऐकू येत."

राजकुमारनं आवाज खाली आणला. "मंग... बोलला काऊन नाही?"

हर्षलनं हात लांबवला. उभ्या हरभऱ्याच्या पार पलीकडे, डोहाच्याही पलीकडे बोट दाखवलं.

"बापूचा धुरा तथून जाये. हा डोह, हा सारा गाळ तुहाच व्हता. दगड म्याच सरकवले. माह्या चोरीले एकच साक्षीदार व्हता दादा, तो तू सोता फोडला."