शर्यतीतली टोपी

शंभर मीटरचा तिचा विक्रम सव्वीस वर्षं कुणी मोडला नव्हता. आता ती क्रीडासंघटनेची सचिव होती. काल त्याहून कमी वेळात धावलेल्या पोरीचा नव्या विक्रमासाठीचा अर्ज तिच्याच टेबलावर आला होता. पण धावणाऱ्याला मागून ढकलणारा वारा विक्रमासाठीच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त भरला होता. तिने नियमावर बोट ठेवून ‘नामंजूर’ लिहिलं. मग समोर चहा पीत बसलेल्या, तिच्या त्या शर्यतीलाही हजर असलेल्या म्हाताऱ्या पंचांना सहज विचारलं, “काका, माझ्या शर्यतीला वारा किती होता?” “तेव्हा यंत्र कुठलं, मॅडम? सुरुवातीच्या रेषेवर माझी टोपी उडाली, ती शेवटच्या रेषेपलीकडे सापडली.” काका खदखदून हसले. “तुमच्याआधी पोचली होती!” तिने विक्रमांची नोंदवही ओढली आणि स्वतःच्या नावावर रेघ मारली. काकांचा कप हातातच राहिला. “अगं, गंमत केली मी!” “पोरीला कळवा, रकाना रिकामा आहे,” ती म्हणाली. “वारा पडला की पळ म्हणावं.”