बाहेरची हवा

“डबीत भूत गवसलं काय, बाई?” पोचूने विचारले, आणि लटारूभाऊंच्या ओसरीवर जमलेले शेजारी हसले.

“गवसलं,” हर्षा म्हणाली. “तुमच्याच जमिनीतलं आहे.”

छताला तीन महिने टांगलेल्या डब्यांचे निष्कर्ष सांगायला ती कुरखेड्यापलीकडच्या या गावात आली होती. खडकातून रेडॉन नावाचा वायू निघतो, तिने सांगितले. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो. कोंडलेल्या खोलीत साचतो आणि फुफ्फुसाला घातक ठरतो. गावात सर्वाधिक रेडॉन लटारूभाऊंच्या मधल्या खोलीत निघाला होता. त्या खोलीत त्यांची नात साक्षी निजत असे.

लटारूभाऊंचे हसू मावळले. “मंग उपाय काय?”

“बुजवलेली खिडकी फोडा. बाहेरची हवा आत येऊ द्या.”

हे शब्द हर्षाने फार निगुतीने निवडले होते.

ती शाळेत असताना लटारूभाऊंच्या पत्नीचे, सुगंधाबाईंचे, डोके दुखू लागले. गावच्या पुजाऱ्याने, म्हणजे अंगात देव आणून रोगनिदान करणाऱ्या अधिकारी पुरुषाने, तेव्हा हेच शब्द उच्चारले होते : बाहेरची हवा लागली. खिडकीबाहेर बायनाबाईचे अंगण होते. बायनाबाईला चेटकीण ठरवायला पुरावा म्हणून एवढा भूगोल पुरला. लटारूभाऊंनी स्वतःच्या हाताने खिडकी विटांनी बुजवली. मग बायनाबाईला भर चौकात खांबाला दोराने बांधून तिचे केस कापले. नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचे सांगितले, तोवर बायनाबाई मुलीला घेऊन वडशाला निघून गेली होती. सुगंधाबाई वाचल्या नाहीत. गावाने निदानाचा आदर केला. निकाल मात्र बदलला नाही.

ती मुलगी आता पुस्तकी मराठी बोलत होती, म्हणून हर्षाला कुणी ओळखले नव्हते.

लटारूभाऊंनी आवाज खाली आणला. “माह्या बायकोले यानंच मारलं काय?”

एक ‘हो’ पुरला असता. तो ‘हो’ हर्षाने वर्षानुवर्षे जिभेवर घोळवला होता. पण रेडॉनचे फुफ्फुसाच्या कर्करोगाशी असलेले नाते सिद्ध झाले आहे. मेंदूच्या गाठीबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय सुगंधाबाईंचे दुखणे खिडकी बुजण्याआधीचे. खोटे बोलून न्याय करणे ही या गावाची विद्या होती, तिची नव्हती.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली. “कदाचित. कदाचित नाहीही.”

लटारूभाऊ सैलावले. शेजाऱ्यांकडे वळले. “आयकलं? नक्की नाई म्हन्ते. म्हंजे बायनाबाईच असन. मी तवाच म्हनलो होतो!”

माना डोलल्या. प्रामाणिकपणाने ठेवलेल्या फटीतून अख्खे गाव सुखरूप बाहेर पडले.

हर्षाने पुस्तकी मराठी बाजूला ठेवली.

“बराबर हाय, भाऊ. मंग खिडकी फोडूच नका. साक्षीले त्याच खोलीत निजू द्या. माही माय बायनाबाई वडशाले अजून जितीच हाय. तिनं तिकडून काई धाडलं, तं भित अडवन.”

कुणी हसले नाही. साक्षी दारात उभी राहून आजोबांकडे पाहत होती. खिडकी फोडणे म्हणजे काय कबूल करणे, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळत होते. त्यांतल्या कित्येकांनी तो दोर धरला होता.

लटारूभाऊंनी नातीकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले. हर्षाकडे पाहणे त्यांनी टाळले.

“काऊन पाहून राह्यले रे?” ते शेवटी खेकसले, पण आवाज चिरकला. “पोचू, सब्बल आन.”

पोचू पहार आणायला निघाला. हर्षाने त्याला थांबवून येताना एक खुर्चीही आणायला सांगितली. हे तिला बसून पाहायचे होते.