घट बसायच्या आत

"जमिनीवर कशाला बसलात? खुर्ची आहे ना," डॉक्टर लीलाबाई म्हणाल्या.

मुक्ताबाई दाराशी भिंतीला चिकटून बसली होती. ती काही बोलायच्या आत तिचा नवराच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. शिवायचं न्हाय तिला. बाहेरची हाय."

मुक्ताबाईचं वय एकसष्ट. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. उन्हाळ्यात रक्त दिसायला लागलं तेव्हा ती एकटीच मंद्रूपहून सोलापूरला आली होती. लीलाबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना काचेवर घेऊन तपासायला पाठवला होता. पेशी बिघडल्याचं कळल्याबरोबर त्यांनी मंद्रूपला दोन पोस्टकार्डं टाकली. त्यालाही आता तीन महिने झाले होते.

"माझी कार्डं मिळाली नाहीत का, हिंदुराव?"

"मिळाली की. पर हिचं थांबंना. चौथ्या दिवशी न्हाणं झालं की आणावं म्हनलं, तर चौथा दिवसच येईना. विटाळशीला घिऊन एसटीत बसायचं कसं?"

तीन महिने! बारा वर्षांपूर्वी गेलेली पाळी परत आली, असं त्या शहाण्या घरानं परस्पर ठरवून टाकलं आणि बाईला गोठ्याच्या कडेला बसवलं. भाकरी वरून टाकली, पाणी वरून ओतलं. अक्कल गहाण ठेवायची तरी किती!

"मग आज कशी आणलीत?"

"वास सुटलाय. सून म्हनती, घास उतरत न्हाय." हिंदुरावानं उपरण्याचा शेव नाकाला लावला. मुक्ताबाईनं पदर अंगाभोवती आवळून घेतला.

वीस वर्षं असले वास घेत आलेल्या लीलाबाईंना किळस आली ती त्या उपरण्याची. त्या टेबलामागून उठल्या, मुक्ताबाईला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. म्हातारीचं अंग शहारलं.

"तीन म्हैन्यांत कुणी हात लावला न्हवता," ती हळूच म्हणाली.

"हे पाहा हिंदुराव, ही पाळी नाही. कॅन्सरची शंका आहे. आजच दाखल करायचं, तुकडा काढून तपासायचा. लगेच उपचार केले तर अजून वाचतील. परत घरी नेलंत, तर माझ्याच्यानं काही होणार नाही."

हिंदुरावानं डोकं खाजवलं. "परवा घट बसायचं हाईत, बाई. तवर थांबंल अशी गोळी द्या की. दसरा झाला की आणतो कापायला."

"दसऱ्यापर्यंत थांबायचं नाही. निदान पंधरा दिवस त्या इथंच राहतील."

"पंधरा दिस? हितंच? मधी घरी यायची न्हाय?"

"नाही."

हिंदुरावाचा चेहरा एकदम उजळला. "मंग हरकत न्हाय की! घर सारवून घट बसवायला मोकळं. आणा कागद. कुटं करू सही?"

समजवायला म्हणून लीलाबाईंनी चार गोष्टी मनात जुळवून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही लागली नाही. हवी ती सही मिळत होती, आणि घासात केस लागावा तसं त्यांना झालं. हिंदुरावानं जिभेचं टोक दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली.

"आनी बाई, घट उठंपतूर आमच्यातलं कुणी यायचं न्हाय. सोवळं लई कडक असतंय आमच्यात."

लीलाबाईंनी कागद ओढून घेतला.

मुक्ताबाई इतका वेळ नवऱ्याच्या सहीकडे बघत होती. आता तिनं मान वर केली आणि त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, ह्या नऊ दिसांत मी मेले तर वाट बघू नगा. लगीच तार करा मंद्रूपला. पडू दे सुतक घटावर."